ज्युरासिक खेळणी: बटणवाल्या डायनासोरचे गुण कापावेत का?

कवटीफोड (धागाकर्ता)
ज्युरासिक वर्ल्ड चित्रपटांतले खेळण्यातले डायनासोर २०१८ पासून मॅटेल कंपनी काढते. नेहमीच्या मालिकेत बऱ्याचदा पाठीवर बटण असतं किंवा शेपूटच दांडा म्हणून वापरलेली असते. दाबलं की जबडा मिटतो. माझं म्हणणं, परीक्षणात याचे सरळ गुण कापावेत. दांडा मानेतून जातो, म्हणून मान वळत नाही. शेपटीला एकाच दिशेची हालचाल उरते आणि पाठीवर बटणाची फट कायम दिसते. मॅटेलच्याच २०२२ पासूनच्या हॅमंड कलेक्शन या संग्राहकांसाठीच्या मालिकेत हा सोस नाही, त्यामुळे सांध्यांना जागा मिळाली.

दीडदात
पूर्ण असहमत. खेळणं आहे हो ते, पुतळा नव्हे! केनर कंपनीची १९९३ची ज्युरासिक पार्क मालिका आजही शोधली जाते ती 'डिनो-डॅमेज'मुळे. कातडीचा तुकडा काढला की आतली जखम दिसते. तो तुकडा हरवलेला नग संग्राहक अपुराच धरतात. म्हणजे करामत हाच त्या खेळण्याचा जीव. बटण आहे म्हणून गुण कापू नका, बटण वाईट चालत असेल तर कापा. पन्नासेक वेळा दाबून बघा. जबडा पूर्ण मिटत नसेल तर स्प्रिंग ढिली आहे किंवा दांडा घासतोय. बिजागरीपाशी पांढरी रेघ उमटली तर प्लास्टिकवर ताण येतोय, पुढे तिथेच तडा जाणार. अशा परीक्षणाचा वाचकाला उपयोग. 'मान वळत नाही' हे तर फोटोतही कळतं.

फूटपट्टी
तुम्ही दोघं मोजमाप विसरलात. पावणेचार इंची माणसांच्या खेळण्यांसोबत मांडायचं तर प्रमाण साधारण १:१८. बारा मीटरचा टी-रेक्स त्या हिशेबाने ६७ सेंटिमीटर भरतो. बटणवाले बरेच टी-रेक्स याच्या जवळपासही जात नाहीत. लांबी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, पाठीच्या वळणावरून दोरा धरून मोजा. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका.

दीडदात
@फूटपट्टी, कुठल्या प्राण्याचं मोजमाप? खरा डायलोफोसॉरस सहा-सात मीटरचा, पडद्यावरचा त्याच्यापुढे पिल्लू. चित्रपटात दाखवलेल्या त्याच्या मानेभोवतीच्या झालरीला जीवाश्मांत पुरावा नाही, विषालाही नाही. खरा व्हेलॉसिरॅप्टर शेपटीसकट जेमतेम दोन मीटर, वर पिसं. शास्त्राची पट्टी लावली तर निम्मी मालिका नापास.

फूटपट्टी
चित्रपटाचं खेळणं आहे, तर पडद्यावरच्याच प्राण्याचं. तेवढं परीक्षणात पहिल्या ओळीत लिहा.

कवटीफोड
@दीडदात, पन्नास वेळा दाबणं ठीक. पण दोन पायांवरचा डायनासोर फळीवर उभा राहतो का, हे जास्त महत्त्वाचं. बटणाची यंत्रणा धडाच्या पुढच्या भागात असली की तोल पुढे जातो. मऊ व्हिनाइलचे पाय उन्हाळ्यात हळूहळू वाकतात आणि महिन्याभरात नग तोंडावर पडतो.

गरमपाणी
वाकलेल्या पायावर उपाय आहे. फक्त पाय ७०-८० अंशांच्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं बुडवा, हाताला चटका बसणार नाही अशा बेताने सरळ करा, तसाच धरून थंड पाण्यात घाला. उकळतं पाणी नको, रंग सुटू शकतो. आवाज करणाऱ्या नगाच्या धडाला पाणी लागू देऊ नका. कंबरेचा सांधा ढिला असेल तर पाणी कामाचं नाही. तिथे पारदर्शक अ‍ॅक्रिलिक वार्निशचा पातळ थर द्या आणि वाळेपर्यंत सांधा अधूनमधून हलवत राहा, नाहीतर चिकटून बसेल.

कवटीफोड
म्हणजे विकत घेतल्यावर दुरुस्तीही आपणच करायची! हे तर गुण कापायचं आणखी एक कारण झालं.

दीडदात
ढिली कंबर हॅमंडमध्येही सापडते, जास्त सांधे म्हणजे सैल व्हायला जास्त जागा. तिथेही कापणार का तेवढेच?

गरमपाणी
आवाजवाला नग फळीवर ठेवण्याआधी सेल मात्र काढा. अल्कलाइन सेल गळले तर सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर पांढरा थर चढतो. व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने तो पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. अ‍ॅसिटोन चुकूनही नको, रंगासोबत प्लास्टिकही जातं.