नेटवर्क मार्केटिंग आणि घरबसल्या व्यवसाय: हिशोबासकट अनुभव लिहा

उंबरठा

"घरबसल्या जोडधंदा, गुंतवणूक जवळजवळ नाहीच, वेळ तुमच्या सोयीने." हे ऐकलं नाही असं मराठी घर आता शोधावं लागेल. चुलत जाऊ सांगते, शाळेतली मैत्रीण कित्येक वर्षांनी फोन करून सांगते, तिसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यात गाठून सांगतात. पण यावर जे बोललं जातं ते दोन टोकांचं. एकीकडे गाडीच्या बॉनेटला टेकून काढलेले फोटो, दुसरीकडे "सगळे चोर". मला मधलं ऐकायचंय.

टोपणनावाने लिहिलंत तरी चालेल. कंपनीचं नाव नको, त्यावरून भांडणं होतात. आकडे मात्र हवेत. किती गेले, किती आले, आणि 'आले' म्हणजे बँकेत आले की नुसते ॲपवर दिसले. ज्यांनी खरोखर कमावलं त्यांनी तर नक्की लिहा.

सुरुवात म्हणून एक गणित. प्रत्येकाने कंपनीचा माल घ्यायचा, विकायचा आणि आपल्या खाली फक्त सहा जण जोडायचे, त्यांच्या खरेदीवर आपल्याला कमिशन. प्लॅन दाखवणारा फळ्यावर ६, ३६, २१६ लिहून खडू खाली ठेवतो. पुढे आपण लिहू. दहाव्या पायरीला ६ कोटींच्या वर. अकराव्या पायरीला ३६ कोटी, आणि २०११ च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र ११.२४ कोटींचा होता. बाराव्याला २१७ कोटी, म्हणजे देश संपला. अर्थात साखळी तिथवर पोचतच नाही, ती तिसऱ्या-चौथ्या पायरीलाच आपल्या आळीत, आपल्या ऑफिसात अडते. म्हणून माझा खरा प्रश्न एवढाच की सगळ्यात खालच्या माणसाने माल विकला कोणाला? साखळीबाहेरच्या गिऱ्हाइकाला की स्वतःलाच?

माळ्यावरचा डबा

स्वतःलाच. आमच्याकडे तरी उत्तर हेच.

महिन्याची शेवटची रात्र कशी असते ते सांगते, कारण प्लॅनच्या मीटिंगमध्ये ती कोणी दाखवत नाही. साडेदहाला अपलाइन ताईंचा, म्हणजे ज्यांनी मला जोडलं त्यांचा, फोन. "अगं, खरेदीचे फक्त चाळीस पॉइंट कमी पडताहेत, तेवढ्यासाठी तुझी कमिशनची लेव्हल जाईल. माझीही जाईल." शेवटचं वाक्य हळू आवाजात. मग डाउनलाइनमधल्या, म्हणजे मी जोडलेल्या, दोघीतिघींना फोन, त्या उचलत नाहीत. बारा वाजायच्या आत क्रेडिट कार्डावर प्रोटीन पावडरचे दोन डबे आणि टूथपेस्टचा पुडा. पाच तारखेनंतर कमिशन जमा होतं आणि ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायचा असतो. "अभिनंदन ताई!!!" खाली फुलांची रांग.

एका सर्वसाधारण महिन्याचा हिशोब देते. आयडी (सभासद क्रमांक) ॲक्टिव्ह ठेवायला खरेदी ४,८०० रुपये. कमिशन २,१४०. आता कोणी म्हणेल, साबण-पेस्ट काय, नाहीतरी लागतंच. खरं आहे. त्याच गोष्टी आमच्या वाण्याकडून साधारण ९०० रुपयांत येत होत्या. म्हणजे ३,९०० रुपये जास्तीचे घालून २,१४० मिळवले. त्यात मीटिंगला जायची रिक्षा, सेमिनारचं तिकीट आणि मोबाइलचं बिल धरलेलंच नाही. हा हिशोब मिस्टरांनी किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर मांडून ठेवला होता. बोलले काही नाहीत, नुसती वही टेबलावर उघडी ठेवली. मला त्याचा जास्त राग आला.

पावती_द्या

नाशिकला कर सल्लागार आहे. दर जुलैत अशी पाचसहा माणसं येतात. हातात २६एएस (आपल्या नावावर कापलेल्या कराचा सरकारी तक्ता), चेहऱ्यावर अभिमान. "साहेब, सरकारदरबारी नोंद आहे बघा, कमिशन!" नोंद असते, पण ती ढोबळ कमिशनची. कमिशन देतानाच कंपनीने टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला, म्हणून ती रक्कम तिथे दिसते. (पूर्वी ५ टक्के कापायचे, ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के.) त्या माणसाने स्वतः केलेली खरेदी, पेट्रोल, हॉलचं भाडं, आलेल्या लोकांचा चहा-वडा यातलं काहीच त्या कागदावर नसतं. हेच पान पुढच्या मीटिंगमध्ये पडद्यावर 'उत्पन्नाचा पुरावा' म्हणून झळकतं.

खर्च वजा करू म्हटलं तर पावत्या नाहीत. सेमिनारचे पैसे तर बहुतेकदा लीडरच्या खात्यात गेलेले असतात, कंपनीच्या नाही. इथे जरा थांबा. माझ्याकडे येणाऱ्यांत एकच माणूस खरोखर पोटभर कमावतो. त्याच्या कमाईतला मोठा वाटा प्रशिक्षण, पुस्तकं आणि तिकिटांचा आहे. माल हा त्याचा दुय्यम धंदा.

सांगलीची पोर

आमचे पप्पा 'वरचे' होते, म्हणून दुसरी बाजू लिहिते.

पैसे आले, खोटं कशाला बोलू. पाचेक वर्षं बरे आले. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्यातनं भरलीय. पप्पांची टीम कवठेमहांकाळपासनं इकडं इस्लामपूरपर्यंत. रविवार कधी घरी नाहीत. आणि एक वाक्य कायम तोंडात, "पेन्शनसारखं आहे गं, मी गेलो तरी तुला येत राहील."

मग पप्पांच्या वरच्या लीडरनं कंपनी बदलली. एका आठवड्यात. त्यांनी नवीन ठिकाणी वरची जागा आधीच ठरवून घेतली होती, आणि पप्पांच्या खालची निम्मी माणसं थेट फोन करून उचलली. ग्रुपचं नाव तेच ठेवलं, फक्त डीपी बदलला. राहिलेल्यांसाठी जुन्या कंपनीनं कमिशनचा तक्ता बदलला, तसा हक्क तिनं करारात आधीच राखून ठेवला होता. जे 'पेन्शन' होतं ते वर्षभरात मोबाइलच्या रिचार्जएवढं झालं.

पैशाचं जाऊ दे. मामाच्या मुलीच्या लग्नात पप्पा पंगतीत येऊन बसले आणि शेजारचे दोघं "आलोच" म्हणून उठले. पप्पा त्या दिवशी कुणाला काही विचारणार नव्हते. तरी उठले. पप्पांनी ते बघितलं आणि वाढप्याला म्हणाले, "इकडं जिलेबी वाढ रे, जागा मोकळी आहे."

खाडीपलीकडे

आमच्याकडे चिपळूणला मी हेच करते आणि मला परवडतं, म्हणून उलटा अनुभव देते. मी माणसं जोडत नाही. एकही नाही. क्रीम, लिपस्टिक, केसांचं तेल, एवढंच विकते. साधारण वीस टक्के सुटतात. बँकेतल्या बाया, नर्सेस, दोन पार्लर हे माझं गिऱ्हाईक. गणपतीआधी आणि लग्नसराईत बरा धंदा, पावसात काही नाही. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला तीनेक हजार हातात राहतात. मी याला दुकान म्हणते. अपलाइन माझ्यावर नाराज असते, कारण दुकानाने तिची लेव्हल वाढत नाही.

पण अडचणी ऐका. पहिली उधारी. नात्यातली उधारी तर मागताही येत नाही. दुसरी आता जास्त छळते. गिऱ्हाईक माझ्यासमोर मोबाइल काढून तीच डबी ऑनलाइन दाखवतं, माझ्या खरेदीच्या भावापेक्षा स्वस्त. तो माल येतो कुठून? वर 'माळ्यावरचा डबा' यांनी लिहिलंय ना, तिथून. लेव्हलसाठी उचललेला माल कोणीतरी शेवटी पडत्या भावात काढतोच.

स्वप्न_साकार

इथे नकारात्मक लोकच जमलेत. कुठल्याही ऑफिसात वर साहेब एक आणि खाली शिपाई दहा असतात. तोही पिरॅमिडच. तिथे आक्षेप का नाही? मेहनत न करणाऱ्याला कुठलाच व्यवसाय जमत नाही.

पावती_द्या

शिपायाला नोकरी टिकवायला दर महिन्याला साहेबाकडून टूथपेस्ट घ्यावी लागत नाही. त्याला पगार मिळतो, आणि दुसरे सहा शिपाई आणले नाहीत म्हणून तो कमी होत नाही. मेहनतीचं म्हणाल, तर माझ्या अशिलांइतकी मेहनत मी स्वतः करत नाही. तुमचा निव्वळ हिशोब टाका ना. खरंच वाचायचाय, टोमणा नाही.

उंबरठा

स्वप्न_साकार, आमंत्रण तुम्हालाही आहे. आकडे आले तर सगळे नीट वाचतील.

एडिसनकर

परदेशातल्यांचा अनुभव वेगळा, पण रक्ताचं नातं तेच. इथे अमेरिकेत देसी किराण्याच्या दुकानात तूर डाळीच्या पिशव्या बघत उभे असलात की शेजारून आवाज येतो, "तुम्ही मराठी का?" नवीन आलेल्या माणसाला केवढं बरं वाटतं! मुलं कुठल्या शाळेत, पुण्यात कुठे, एच-वन (नोकरीचा व्हिसा) का... नंबर दिला जातो. पहिल्या कॉफीला 'ई-कॉमर्स'. दुसऱ्या कॉफीला 'एक मेंटॉर आहेत, चाळिशीत रिटायर झाले'. कंपनीचं नाव विचारलं की "आधी हे पुस्तक वाच, मग बोलू." नाव कळेपर्यंत घरी एकदा जेवणं झालेली असतात आणि नाही म्हणणं अवघड होतं. एच-वनवर असे दुसरीकडून पैसे कमावणं व्हिसाच्या अटींत बसतं का, हे विचारलं तर उत्तर येतं, "बायकोच्या नावाने करतात सगळे." बायको बहुधा डिपेंडंट व्हिसावर. तिला स्वतःचं वर्क परमिट नसेल तर प्रश्न तिथेच आहे.

इथली एक सोय मात्र सांगतो. अनेक मोठ्या कंपन्या 'इन्कम डिस्क्लोजर', म्हणजे विक्रेत्यांना किती मिळालं याचा तक्ता, प्रसिद्ध करतात. दोन पानांचा कागद असतो, तळटीपा बारीक. त्यात सरासरी बघू नका, मधल्या माणसाला काय मिळालं ते बघा, आणि आकडे खर्च वजा जाता आहेत का ते बघा. बहुतेकदा नसतात. २०१६ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने (इथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने) हर्बालाइफ या नेटवर्क कंपनीबरोबर तडजोड केली तेव्हा कंपनीने २० कोटी डॉलर भरले आणि तिला विक्रेत्यांना मोबदला द्यायची पद्धतच बदलावी लागली. बक्षीस नवी माणसं भरण्यावर न देता खऱ्या विक्रीवर द्या, असा त्याचा गाभा होता. म्हणजे उंबरठा यांनी विचारलेलाच प्रश्न.

लातूरचा डॉक्टर

एकच गोष्ट. पेशंट बाई, साठीच्या आसपास, साखर नीट आटोक्यात होती. पुढच्या खेपेला आल्या तेव्हा उपाशीपोटी साखर तीनशेच्या घरात. गोळ्या बंद. सुनेच्या बहिणीने पावडर दिली होती, "मुळापासून जातो" म्हणून. बाईंनी पिशवीतून डबा काढला. मी तो फिरवून मागची बारीक इंग्रजी ओळ त्यांच्या नातवाला वाचायला लावली. औषधी वापरासाठी नाही, असं कंपनीनेच छापलेलं. कंपनी हात झटकून मोकळी. दावा कोणी केला, तर सुनेच्या बहिणीने, तोंडी, मीटिंगमध्ये ऐकलेला. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. पण बाईंना कायदा सांगून काय करू? त्यांना एवढंच वाटत होतं की डॉक्टरांनी सुनेच्या माहेरच्यांना नावं ठेवू नयेत.

कोर्टाची पायरी

वकील आहे, थोडक्यात लिहितो. दोन कायदे लक्षात ठेवा.

१९७८ चा प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) ॲक्ट. सभासद भरती करण्यावर पैसे मिळतात असं दिसलं की तो लागू शकतो. चालवणाराच नाही, तर अशा योजनेत सहभागी होणाराही त्यात येतो. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "मी तर साधा मेंबर" हे उत्तर पोलीस ठाण्यात पुरत नाही, विशेषतः खालच्या माणसाने तक्रारीत तुमचंच नाव लिहिलेलं असताना. त्याला कंपनी माहीत नसते, त्याला तुम्ही माहीत असता.

दुसरे, ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१. डिसेंबर २०२१ मध्ये आले. नोंदणी फी घेता येत नाही, विक्रेत्याला खपणार नाही इतका माल घ्यायला भाग पाडता येत नाही, ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ न ठरवता कोणाच्या घरी जाता येत नाही. करारात विचार बदलून बाहेर पडायची मुदत हवीच. महिन्याच्या अखेरीचे ते चाळीस पॉइंट या नियमांत कसे बसतात, मला तरी कळलेलं नाही.

मोठं नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एप्रिल २०२२ मध्ये ईडीने ॲमवे इंडियाची ७५७ कोटींची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. आपण तपासाला सहकार्य करत आहोत, असं कंपनीचं म्हणणं.

आणि शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक मंडळींनो, सरकारी नोकराला परवानगीशिवाय खाजगी धंदा चालत नाही. आयडी बायकोच्या नावाने काढून प्लॅन स्टाफरूममध्ये स्वतः दाखवलात, तरी तो तुमचाच प्रचार धरतात.

नुसती वाचक

सगळं वाचलं. माझ्याकडे आत्ता साधारण १८,००० रुपयांचा माल सीलबंद पडून आहे, मुदत पुढच्या वर्षीची. अपलाइन म्हणतात, "परत दिलास तर माझं कमिशन कापतात, त्यापेक्षा तुझ्या खाली दोन आयडी लाव, माल आपोआप निघेल." काय करू?

कोर्टाची पायरी

अपलाइनशी बोलूच नका, कंपनीला थेट ईमेल करा. विकण्याजोगा माल परत घेण्याची तरतूद करारात शोधा, मुदत तिथेच असते. बिलं, बॅच नंबर आणि सील दिसेल असे फोटो जोडा. नियमानुसार कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव वेबसाइटवर असायला हवं. उत्तर नाही आलं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन.

माळ्यावरचा डबा

आणि आयडी बंद केल्याची पोच लेखी घे गं. मी तोंडी सांगून सोडलं, तर पुढचे चार महिने माझ्या नावावर कोणीतरी खरेदी दाखवत होतं.

नुसती वाचक

ईमेल टाकला. बिलं दोन सापडली, तिसरं शोधतेय.