मदत हवी आहे : नेरूळमध्ये परवाना कक्षासाठी ७५ मीटरचे अंतर कसे मोजतात?

नमस्कार.

नवी मुंबईतील नेरूळमध्ये माझे मासळीच्या जेवणाचे छोटे उपाहारगृह आहे. जवळच एका गृहनिर्माण सोसायटीच्या तळमजल्यावरचा मोठा गाळा भाड्याने मिळत असून, तेथे एफएल-३ परवाना (विदेशी मद्य जागेवरच पिण्यासाठी देण्याचा) घेऊन परवाना कक्ष, म्हणजे परमिट रूम, सुरू करण्याचा विचार आहे. मालकाला अनामत रक्कम याच महिन्यात हवी आहे आणि परवाना मिळाला नाही, तर निव्वळ सुरमईच्या थाळीवर ते भाडे निघणार नाही, म्हणून सही करण्यापूर्वी विचारत आहे.

मुख्य अडचण देवळाची आहे. महापालिका क्षेत्रात शाळा व प्रार्थनास्थळ यांच्यापासून ७५ मीटर अंतर असावे लागते. गाळ्यापासून पिंपळाखालचे मारुतीचे देऊळ सरळ रेषेत साधारण ६० मीटरवर आहे. परंतु मध्ये नाला असल्यामुळे पायी जाणाऱ्याला वळसा घालून ९० मीटर चालावे लागते. यांपैकी कोणते अंतर ग्राह्य धरतात? तसेच देऊळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले नसेल, तर ते मोजणीत येते का? परवान्याची कामे करून देणारे सल्लागार "ते बघून घेऊ" एवढेच म्हणतात, आणि त्यामुळेच माझी धास्ती वाढली आहे.

दुसरा प्रश्न सोसायटीचा. सोसायटीच्या आवारात नवे बिअर किंवा दारूचे दुकान काढण्यासाठी सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र बंधनकारक करण्याची घोषणा अजित पवार यांनी मार्च २०२५ मध्ये विधानसभेत केली होती. ही अट परवाना कक्षालाही लागू होते का? वरच्या मजल्यांवरील रहिवाशांची काळजी मला समजते, त्यामुळे त्यांना अंधारात ठेवून अर्ज करण्याची माझी इच्छा नाही.

सायन-पनवेल महामार्ग जवळ आहे, पण महामार्गालगतच्या मद्यविक्रीवरील बंदी महापालिका हद्दीतील परवानाधारकांना लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०१७ रोजी स्पष्ट केल्यामुळे ती चिंता नाही. २०२३ मध्ये परवाना कक्षातील मद्यावरचा व्हॅट ५ टक्क्यांवरून १० टक्के झाल्यापासून मात्र केवळ बिअर व वाइनचा ई-२ परवाना घ्यावा का, असेही मनात येते. कोणी तो घेतला असल्यास अनुभव सांगावा.

प्रतिसाद

दादा, देवळाच्या नोंदणीची खातरजमा धर्मादाय कार्यालयातून स्वतः करून घ्या. नेरूळ ठाणे जिल्ह्यात येत असल्याने तुमचा अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या ठाणे अधीक्षकांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. आमच्या खारघरचे काम रायगड जिल्ह्यात, म्हणजे थेट अलिबागला. जागेची पाहणी विभागाचे निरीक्षकच करतात, तेव्हा अंतराचा प्रश्न नकाशासह त्यांच्यापुढे आधीच ठेवा. गाळ्याचे भोगवटा प्रमाणपत्रही पाहून घ्या. आणि अनामत द्यायचीच असेल, तर परवाना नाकारल्यास ती पूर्ण परत मिळेल, असे कलम करारात लिहून घेतल्याशिवाय देऊ नका.