संवादी कथांच्या मेळ्यात दात्यांची बक्षिसं घ्यावीत का?

फुटाळाकर
येत्या डिसेंबरात सीताबर्डीला मराठी इंटरॅक्टिव्ह फिक्शनचा छोटा मेळा भरवायचं आम्ही काही जणांनी ठरवलंय. वाचक पर्याय निवडेल तशी वळत जाणारी कथा. गाठीशी पैसा नाही, म्हणून बक्षिसं लोकांकडून मागावीत असं माझं मत. आयएफकॉम्प या अशाच इंग्रजी कथांच्या स्पर्धेत (१९९५ पासून चालू) हीच रीत आहे. दात्यांनी दिलेल्या सगळ्या वस्तू एकत्र ठेवतात. पहिला आलेला लेखक हवी ती आधी उचलतो, मग दुसरा, मग तिसरा. आपल्याकडे आत्तापर्यंत भंडाऱ्याचा कोसा स्टोल, काटोलच्या बागेतली संत्र्यांची पेटी, एका चित्रकार ताईंकडून पुढच्या कथेचं मुखपृष्ठ आणि एका निवृत्त सरांकडून मुद्रितशोधन एवढं कबूल झालंय. मला यातलं मुद्रितशोधन सगळ्यात मोलाचं वाटतं.

वऱ्हाडी वाचक
भाऊ, साफ विरोध. अशा कथेला चार शेवट असले तर चारही मन लावून लिहावे लागतात, आणि वाचक त्यातला एकच पाहतो. एवढ्या मेहनतीला स्टोल? साहित्य म्हटलं की शाल-श्रीफळावर भागवायचं, हे किती दिवस चालवून घ्यायचं? तुम्ही ज्याचा दाखला देऊन राहिले, त्या आयएफकॉम्पमध्येसुद्धा २०१७ पासून रोख निधी जमवतात आणि वरच्या दोन-तृतीयांश लेखकांत वाटतात. द्यायचं तर रोख द्या.

फुटाळाकर
रोख मिळाले तर घेऊच. पण त्याआधीची वीसेक वर्षं त्यांनी दात्यांच्या बक्षिसांवरच काढली.

गोरेवाडा
माझा आक्षेप क्रमवारीला आहे. मराठीत हे लिहिणारे मुळात मोजके. शेवटच्या क्रमांकाच्या मुलीने सगळ्यांसमोर येऊन उरलेली वस्तू उचलायची, मग पुढच्या वर्षी ती कशाला लिहील? स्प्रिंग थिंग नावाच्या दुसऱ्या महोत्सवाने क्रमांक सोडून रिबिनी देणं सुरू केलं. वाचक आपल्या मनाने रिबिनीला नाव देतात. ते आपल्याला जास्त मानवेल. आणि दात्याच्या अटींचं काय? उद्या एखादा शिकवणी वर्ग टॅबलेट देईल आणि म्हणेल, नायक आमच्याच वर्गात शिकलेला दाखवा.

वऱ्हाडी वाचक
अटीचं बक्षीस परत पाठवायचं, त्यात चर्चा कसली! गावच्या कबड्डीच्या पत्रकावर पहिलं बक्षीस कोणाकडून, दुसरं कोणाकडून, सगळं ठळक छापलेलं असते. म्हणून दाता चढाई कशी करायची ते सांगत नाही. पण ताई, क्रमवारी हवीच. वाचकाने वेळ देऊन गुण दिले, तर निकाल स्पष्ट लागला पाहिजे. आयएफकॉम्पमध्ये परीक्षकाला किमान पाच कथांना गुण द्यावे लागतात, तेही पहिल्या दोन तासांच्या वाचनावर. तेवढी शिस्त आपणही लावू.

कळफलक
तुम्ही सगळे वस्तू आणि पैशांवरच अडलात. ट्वाइन नावाच्या, अशा कथा बनवायच्या साधनातली कथा शेवटी वेबपान असते, तिथे देवनागरीची अडचण नाही. पण वाचकाने आज्ञा टाइप करून पुढे जायचं म्हटलं की घोडं अडतं. ‘पेटी उघड’ जमेल. ‘पेटीत बघ’, ‘पेटीवरचा दिवा उचल’ म्हटलं की शब्दाचं रूप बदलतं आणि इंग्रजी वाक्यांसाठी घडवलेल्या साधनाला ते ओळखता येत नाही. एखाद्या प्रोग्रामरने लेखकासोबत चार शनिवार बसायचं कबूल केलं, तर ते खरं बक्षीस. मी दोन शनिवार देतो.

गोरेवाडा
हे यादीत सगळ्यात वर लिहा. आणि संत्र्यांचं आधी पक्कं करा. आंबिया बहार डिसेंबरात संपत येतो, मृगाची फळं फेब्रुवारीशिवाय यायची नाहीत. मेळा पुढे ढकलला तर पेटी रिकामी.

वऱ्हाडी वाचक
रोख निधीत माझे एक हजार धरा. नाव छापू नका. शेवटून तिघांना वाटा मिळणार असेल तरच देतो, आणि क्रमवारीवरचं माझं मत तेच आहे.

फुटाळाकर
धरले. रिबिनी की क्रमांक, हे कथा पाठवणाऱ्यांनाच विचारतो. दात्यांची नावं मुखपृष्ठावर नाही, शेवटच्या पानावर येतील.