१९८६ ची पद्मिनी आणि आजची हॅचबॅक : रस्त्यावर फरक किती?

सदाशिवपेठी :
वडिलांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्या वाड्याच्या बोळात उभी असते आणि चार वर्षांपासून घरात एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) व एअरबॅग असलेली हॅचबॅकही आहे. वाड्याच्या जागी आता इमारत होणार असून पार्किंगची एकच जागा आमच्या वाट्याला येईल. जिव्हाळ्याचा प्रश्न घरात सोडवू. प्रत्यक्ष चालवताना दोन्हींत काय फरक पडतो, ते अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

कोथरूडकर :
माझ्याकडे अशीच जोडी आहे. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन कमी वेगात समजूतदार आहे आणि स्टिअरिंगजवळच्या दांड्याने गिअर टाकण्याची सवय झाली की लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतही ती अडत नाही. खरा फरक ब्रेकचा. चारही चाकांना ड्रम ब्रेक (बंद डब्यासारखे, उष्णता लवकर बाहेर न टाकणारे) असल्यामुळे कात्रजचा घाट उतरताना ते तापले, की पेडल तितकेच दाबूनही गाडी तितकी थांबत नाही. म्हणून मी ती दुसऱ्या गिअरमध्येच उतरवतो. एबीएसच्या गाडीत ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तरी चाके लॉक होत नाहीत आणि स्टिअरिंग हाती राहते.

गॅरेजवाला :
ब्रेकबाबत दुमत नाही. दुरुस्तीचे गणित मात्र उलटे आहे. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ धरून पद्मिनी घाटात बंद पडली, तर इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओले फडके टाकून जरा थांबले की ती निघते, आणि काजळलेले पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) पॉलिश पेपरने घासून घर गाठता येते. इंजेक्शनच्या (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीचा सेन्सर गेला तर स्कॅनरशिवाय नेमका दोष सापडणे कठीण. (तो सहसा जात नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.) सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबर फुगते, तेव्हा पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) आधी बदलून घ्या.

संगमपूल :
व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते, म्हणजे आपल्याला २०३६ पर्यंत थांबावे लागेल. तोवर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नये.

सदाशिवपेठी :
आभारी आहे. मुलगी नुकतीच गाडी शिकली असल्याने ब्रेकच्या मुद्द्यावर निर्णय झाला. इमारतीतली जागा हॅचबॅकला. पद्मिनी धायरीला भावाच्या अंगणात जाईल. इथेनॉल सोसणारा डायफ्राम नाना पेठेत तयार मिळतो का, तेवढे कळवावे.