बोआ व्हिस्टाचा ताप: डॉ. मॅकविल्यम बरोबर की चूक?

खलाशीबुवा:
ऑगस्ट १८४५. ब्रिटिश आरमाराची 'एक्लेअर' ही आगबोट पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अटलांटिकमधल्या केप व्हर्दे द्वीपसमूहातल्या बोआ व्हिस्टा बेटाला लागली. बोटीवर ताप. बंदरासमोर एक चिमुकलं बेट आहे, तिथल्या किल्ल्यात आजारी खलाशी उतरवले. पुढे बोट इंग्लंडला गेली आणि मागे बोआ व्हिस्टावर पीतज्वर पसरला.

चौकशीला पाठवला आरमाराचा सर्जन जेम्स ऑर्मिस्टन मॅकविल्यम. तो लोकांना गाठून विचारत सुटला: आधी कोण पडलं, त्याआधी कुठे होतं, कुणाची शुश्रूषा केली. माग निघाला तो थेट त्या किल्ल्यावर पहारा देणाऱ्या शिपायांपर्यंत! त्याने लिहून दिलं, ताप बोटीने आणला. वरच्यांना पटेना. मग डॉ. गिल्बर्ट किंग गेला आणि ताप बेटावरचाच म्हणून आला.

माझं मत: डासाचा पत्ता नसताना मॅकविल्यमने खरं ओळखलं.

डासमार:
उत्तर बरोबर, गणित चूक. पीतज्वर माणसाकडून माणसाला लागत नाही, मधे डास लागतो. क्यूबाचा डॉक्टर फिनले याने ते १८८१ मध्ये मांडलं आणि १९०० साली हवानात अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीडच्या पथकाने सिद्ध केलं. 'संसर्ग' म्हटलं की क्वारंटाइन आलं, म्हणजे धडधाकट माणसंही त्याच बोटीवर कोंडायची, जिथे पाण्याच्या साठ्यात डास पैदा होतात. एक्लेअर इंग्लंडला पोचल्यावर हेच झालं. पोर्ट्समथजवळ बोट अडकवून ठेवली, माणसं मरतच राहिली.

खलाशीबुवा:
बोट अडकवली १८४५ मध्ये, मॅकविल्यम बेटावर गेला त्यानंतर. त्याचं खापर त्याच्या डोक्यावर कसं?

कोकणी कोलंबस:
तापाचं राहू द्या हो. मॅकविल्यमचा खरा पराक्रम १८४१ चा, पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर नदीवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेतला! 'अल्बर्ट'वर कॅप्टन ट्रॉटर तापाने आडवा, इंजिनवालेही आडवे. भूगर्भशास्त्रज्ञ स्टँगरने पुस्तक वाचून इंजिन चालवलं आणि आपल्या डॉक्टरने बोट हाकत नदीतून खाली आणली. आम्हाला पुस्तक वाचून मिक्सर लावता येत नाही.

मीठभाकर:
ही गोष्ट नेहमी अशीच सांगतात, दोन गोरे आणि एक नदी. मोहिमेवर १४५ युरोपीय होते, त्यांतल्या १३० जणांना ताप आला. १५८ आफ्रिकी होते, त्यांत ११ जणांना. म्हणजे उभी राहू शकणारी माणसं कोण होती? नांगर उचलायला, लाकूड फोडायला, भट्टीत टाकायला पश्चिम आफ्रिकेतल्या क्रू जमातीचे खलाशी होते म्हणून डॉक्टरला सुकाणू धरता आलं. शिवाय खालच्या टप्प्यात बीक्रॉफ्टची 'इथिओप' ही आगबोट मदतीला आली. तिचं नाव का गाळता?

कोकणी कोलंबस:
गाळलं नाही, राहून गेलं. क्रू लोकांचं मान्य. पण सुकाणू सोडून तो खाली बसला असता तर?

डासमार:
मोहिमेच्या बोटींवर डॉ. रीडचं (हा हवानावाला वॉल्टर रीड नव्हे) हवा गाळायचं यंत्र बसवलं होतं, हे कुणी सांगितलंच नाही. औषध भरलेल्या लोखंडी पेटीतून हवा खाली सोडायची, कारण ताप दूषित हवेने येतो अशी समजूत. डास मात्र डेकवरून मजेत! मला मानायचाच तर आरमाराचा दुसरा सर्जन मानेन, विल्यम बेकी. १८५४ मध्ये 'प्लीअड' घेऊन तीच नदी चढला, रोज नेमाने क्विनीन (मलेरियाचं औषध) दिलं, तापाने एकही माणूस दगावला नाही. जीव वाचवले ते त्याने.

खलाशीबुवा:
बेकी थोरच. पण त्याच्या हातात मधल्या तेरा वर्षांचा अनुभव होता आणि त्यात मॅकविल्यमचा १८४३ चा नायजरवरचा वैद्यकीय वृत्तांतही येतो. शिवाय हा गडी तिथेच थांबला नाही. १८४७ पासून लंडनच्या कस्टम्स खात्याचा डॉक्टर, नंतर साथीच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या एपिडेमिऑलॉजिकल सोसायटीचा सचिव. आयुष्यभर एकच उद्योग, कोण कधी आजारी पडलं ते विचारायचं.

आणि डासमार, माझा प्रश्न अजून तिथेच आहे. ताप बेटावरचाच होता, तर गाव सोडून किल्ल्यावरच्या पहारेकऱ्यांनाच आधी कसा गाठला?

डासमार:
ते किंगला विचारा. मी डासांची वकिली करतोय, त्याची नाही.