फाइल आणि सॉकेट, दोघांनाही एकच राइट कॉल: सोय की फसवणूक?

कोरा_कागद
युनिक्समध्ये फाइल असो, पाइप (एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याला देणारी नळी) असो की सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक), लिहायला राइट हा एकच सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) केलेली विनंती, पुरतो. शिकताना आपण याचं भरपूर कौतुक करतो. माझं मत आता बदललंय. सॉकेटवर राइट वापरणं बंद करावं, तिथे फक्त सेंड हा खास सॉकेटसाठीचा कॉल वापरावा, असं मला वाटतं.

कारण अनुभवाचं आहे. नोंदी गोळा करणारा एक प्रोग्रॅम मी लिहिला होता. किती बाइट घेतले तो आकडा राइट परत देतो, तो मी तपासत नव्हतो. फाइलवर तो कित्येक महिने बिनतक्रार चालला. साध्या फाइलवर राइट अर्धवट परत येतो तो क्वचितच, म्हणजे डिस्क भरली किंवा आकाराची मर्यादा आडवी आली तर. पुढे तोच कोड नॉन-ब्लॉकिंग (जागा नसली तरी थांबून न राहणाऱ्या) सॉकेटला जोडला. ६४ हजार बाइट द्यायचे, कर्नलच्या बफरमध्ये जागा वीसेक हजारांचीच असायची, तेवढे घेऊन तो तेवढाच आकडा परत द्यायचा आणि माझा कोड खुशाल पुढच्या नोंदीकडे वळायचा. पलीकडे नोंदी मधेच तुटलेल्या. एरर कुठेच नाही, कारण कर्नलच्या दृष्टीने काही चुकलंच नव्हतं. शोधायला तीन रात्री गेल्या.

दोन वेगळ्या स्वभावाच्या गोष्टींना एकच दार ठेवलं की माणूस एकीच्या सवयी दुसरीकडे घेऊन जातो.

निशाचर
सहमत नाही. तीन रात्री गेल्या याचं वाईट वाटलं, पण सेंड वापरला असता तरी त्या गेल्याच असत्या. फ्लॅग (कॉलसोबत द्यायची जादा सूचना) शून्य असलेला सेंड आणि राइट यांत सॉकेटवर व्यवहारात फरक नाही. सेंडही वीस हजारच घेतो आणि वीस हजारच सांगतो. चूक आकडा न तपासण्याची होती.

राइटचं वचन सगळीकडे एकच आहे: तुमच्या बफरमधले इतके बाइट मी ताब्यात घेतले. पोहोचवले असं तो फाइललाही म्हणत नाही आणि सॉकेटलाही नाही. हे वचन मुद्दाम लहान ठेवलंय, म्हणूनच ते सगळीकडे पाळता येतं. स्टँडर्ड इनपुटवरून वाचून स्टँडर्ड आउटपुटवर लिहिणारा साधा प्रोग्रॅम इनेटडीच्या (आलेली जोडणी प्रोग्रॅमच्या इनपुट-आउटपुटला जोडून देणाऱ्या सेवेच्या) हाताखाली ठेवला की तो नेटवर्क सर्व्हर होतो. त्यातली एक ओळही बदलावी लागत नाही. ही ताकद तुम्ही सवयीच्या चुकीपायी सोडायला निघाला आहात.

कोरा_कागद
@निशाचर, सेंडने माझी ती चूक टळली नसती, हे मान्य. पण फ्लॅग हाच तर मुद्दा आहे. समोरच्याने जोडणी तोडलेली असताना राइट केला तर सिगपाइप हा सिग्नल येतो आणि काही व्यवस्था केली नसेल तर अख्खी प्रोसेस मरते. शेलमधल्या पाइपलाइनला हे अगदी योग्य आहे: वाचणारा उठून गेला, लिहिणाऱ्यानेही थांबावं. पण हजार जोडण्या सांभाळणारा सर्व्हर एका जोडणीपायी का मरावा? सेंडला नोसिग्नल फ्लॅग देता येतो, मग सिग्नल न येता फक्त ईपाइप (जोडणी तुटल्याची) एरर मिळते. राइटला फ्लॅग द्यायला जागाच नाही.

आणि एकी म्हणावी तर ती पुरतीही नाही. नॉन-ब्लॉकिंग ही खूण साध्या फाइलवर काहीच करत नाही, डिस्क संथ असेल तर राइट अडकून राहतो. ईपोलमध्ये (अनेक जोडण्यांवर एकदम लक्ष ठेवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत) साधी फाइल टाकायला गेलात तर तो सरळ नकार देतो. म्हणून तर इव्हेंट लूपवाल्या (एकाच थ्रेडमधून अनेक जोडण्या सांभाळणाऱ्या) लायब्रऱ्यांना फाइलसाठी वेगळे थ्रेड ठेवावे लागतात.

तळटीप
तुम्ही दोघं सॉकेटला अवघड आणि फाइलला सोपी धरून चाललात. मला उलट वाटतं. सॉकेटवर लिहिणारा निदान सावध असतो. फाइलवर राइट यशस्वी झाला की तो निर्धास्त होतो, आणि डेटा तर अजून पेज कॅशमध्येच, म्हणजे कर्नलच्या मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यातच, असतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये बदललेलं पान ३० सेकंदांनी जुनं धरलं जातं, मग ते डिस्ककडे रवाना होतं. तेवढ्यात वीज गेली तर यशाचा तो आकडा कुठे दाखवणार? एफसिंक, म्हणजे डेटा डिस्कवर उतरवायला लावणारा कॉल, करावाच लागतो, आणि फाइल नवी असेल तर तिच्या डिरेक्टरीलाही.

त्याहून गंभीर बाब २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांसमोर आली. एफसिंक अपयशी ठरला तर पुन्हा करू, असं त्यांनी वर्षानुवर्षं धरलं होतं. लिनक्स मात्र अपयशानंतर ती पानं स्वच्छ म्हणून नोंदवायचा. दुसऱ्या एफसिंकला लिहायला काही उरलेलंच नसे, म्हणून तो यश सांगायचा, आणि डेटा गेलेला. शेवटी एफसिंक फसला की सर्व्हर पाडायचा आणि लॉगमधून पुन्हा उभा करायचा, असा बदल त्यांना करावा लागला. इतक्या मुरलेल्या लोकांची ही गत, तर राइट या नावावर विसंबणाऱ्या बाकीच्यांचं काय?

निशाचर
@तळटीप, तुमची माहिती बरोबर, पण ती माझ्याच बाजूची आहे. ताबा घेतला, पोहोचल्याची हमी नाही: फाइलवरही तेच, सॉकेटवरही तेच. डिस्कची पोच हवी तर एफसिंक. पलीकडच्या प्रोग्रॅमची पोच हवी तर त्याने उलट संदेश पाठवायला हवा, टीसीपीची (सॉकेटखालच्या नेटवर्क प्रोटोकॉलची) पोच त्या कामाची नाही. सिगपाइपचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. सर्व्हरमध्ये मी तो सिग्नल सुरुवातीलाच दुर्लक्षित करून टाकतो.

दीपमाळ
वेळेचा मुद्दा राहिला. आधी मथळ्याचे चार बाइट, मग मजकूर, असे दोन राइट फाइलवर केले तर एक सिस्टिम कॉल जास्त, इतकंच. सॉकेटवर हेच करून उत्तराची वाट पाहिलीत तर नेगलची पद्धत (१९८४ ची, आरएफसी ८९६) दुसरा लहान तुकडा पहिल्याची पोच येईपर्यंत रोखून धरते आणि पलीकडचं यंत्र पोच लांबवत बसतं. लिनक्सवर अशाने साधारण ४० मिलिसेकंद जातात, तीही प्रत्येक फेरीला. राइटव्ही वापरून दोन्ही तुकडे एकाच कॉलमध्ये द्या. माझ्या मते वचन एक असलं तरी वागणूक एक नाही, त्यामुळे मी कोरा_कागद यांच्या बाजूची.

कोरा_कागद
मी माझं म्हणणं थोडं आवरतं घेतो. फिल्टरसारख्या छोट्या प्रोग्रॅममध्ये राइट राहू दे. जो कोड जाणूनबुजून नेटवर्कशी बोलतो त्यात सेंडच हवा, आणि तोही लूपमध्ये, सगळे बाइट जाईपर्यंत.

निशाचर
लूप लिहिताना एवढं पाहा: काही बाइट गेल्यावर अडचण आली तर तो कॉल गेलेल्या बाइटांचा आकडाच देतो, एरर पुढच्या कॉलला कळते. ईइंटर (सिग्नलने कॉल मधेच थांबला) आला तर पुन्हा करा. ईअगेन (सध्या जागा नाही) आला तर पोलवर, म्हणजे जागा झाल्याचं कळवणाऱ्या कॉलवर, थांबा, नाहीतर प्रोसेसर उगाच फिरत राहील. आणि हाच लूप फाइललाही लावा. तुमच्या त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये डिस्क भरल्यावर नोंदी तशाच तुटल्या असत्या, फक्त ती वेळ आली नाही.

कोरा_कागद
फाइलचा भाग आजही तसाच चालू आहे. उद्या सकाळी तो आधी बदलतो.