आजार म्हटलं की गुन्हा हलका होतो का?

निखिल: लहान मुलांबद्दल लैंगिक ओढ असणं आणि मुलावर अत्याचार करणं हे आपण एकच धरतो, आणि माझं ठाम मत आहे की यात नुकसान मुलांचंच होतं. मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका डीएसएम-५ (२०१३) प्रमाणे वयात न आलेल्या मुलांबद्दलची तीव्र ओढ किमान ६ महिने हवी आणि वर त्या माणसाने तसं कृत्य केलेलं हवं किंवा त्या ओढीचा त्याला स्वतःला खूप त्रास होत असायला हवा किंवा त्यामुळे नात्यांत अडचणी येत असायला हव्यात, तरच पेडोफिलिक डिसऑर्डर हे निदान होतं. म्हणजे हातून काहीच न घडलेला, पण आतून घाबरलेला माणूससुद्धा पेशंट असू शकतो. बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलने २००५ मध्ये अशांसाठी गोपनीय उपचार सुरू केले. असं सगळीकडे हवं.

वैशाली: नाही पटत. उद्या प्रत्येक आरोपीचा वकील हेच निदान घेऊन कोर्टात उभा राहील. आणि बर्लिनच्या उपचारांनी अत्याचार खरंच कमी होतात का यावर संशोधकांतच वाद आहे, ते का नाही सांगत?

निखिल: वैशालीताई, वाद आहे, मान्य. पण ओढ निवडता येत नाही म्हणून कृत्याची जबाबदारी संपत नाही, निदान झालं तरी शिक्षा व्हायलाच हवी. मी गुन्ह्याच्या आधीचं बोलतोय. स्वीडनमध्ये हे निदान झालेल्या ५२ पुरुषांवर टेस्टोस्टेरॉन कमी करणाऱ्या इंजेक्शनची चाचणी झाली, २०२० ला निष्कर्ष आले, दोन आठवड्यांतच मुलावर अत्याचार होण्याच्या धोक्याचा स्कोअर खाली आला. स्कोअर म्हणजे प्रत्यक्ष गुन्हे नव्हेत हे खरं, पण स्वतःहून मदत मागायला माणसं येतात हे तर दिसलं ना!

सुहास: तुम्ही दोघंही एक गोष्ट सोडताय. मुलांवर अत्याचार करणाऱ्या बऱ्याच जणांना हे निदान लागूच होत नाही, घरातलाच माणूस असतो, संधी असते, दारू असते, मूल गप्प बसेल याची खात्री असते. सगळा पैसा क्लिनिकमध्ये घातला तर या लोकांना कोण अडवणार?

वैशाली: सुहास, अगदी बरोबर. आणि निखिल, गोपनीय म्हणजे किती गोपनीय? पेशंटने सांगितलं की आत्ता एका मुलावर अत्याचार चालू आहे, तर डॉक्टर गप्प बसणार?

निखिल: नाही. मूल धोक्यात असेल तर कळवायलाच हवं, आणि हे पेशंटला पहिल्याच भेटीत सांगून टाकावं. पण नुसते विचार सांगितले म्हणून पोलीस दारात आले तर पुढचा माणूस येणारच नाही.

वैशाली: चालेल, पण ती रेष कायद्यात लिहिलेली हवी, डॉक्टरच्या मर्जीवर नको. तोवर माझा विरोध कायम.